मिनी ट्रॅक्टरला हायड्रोलिक टॉप लिंक आणि साइड लिंक : कुणी बसवावी, कशी वापरावी

टॉप लिंक कमी-जास्त करून बघा म्हटले की अनेक ट्रॅक्टरचालकांचे उत्तर ठरलेले असते, "चालतंय ना, राहू द्या." त्यात आळस कमी आणि वैताग जास्त असतो. ट्रॅक्टर थांबवायचा, पीटीओ सोडायचा, अवजार जमिनीला टेकवायचे, खाली उतरायचे, चिखलाने जाम झालेला चेकनट सैल करायचा, चार आटे फिरवायचे, पुन्हा बसून दहा मीटर चालवून बघायचे आणि जमले नाही तर पुन्हा उतरायचे. बांधाकडेची माती ओढताना हे तासाभरात कितीदा करणार? म्हणून एकदा बसलेली लांबी हंगामभर तशीच राहते. रोटाव्हेटर, ब्लेड, कल्टिव्हेटर सगळे त्याच लांबीवर चालते आणि दोष अवजाराच्या माथी मारला जातो.

आट्याच्या दांड्याऐवजी दुहेरी काम करणारा छोटा जॅक बसवला, तर हेच काम सीटवर बसून एका लिव्हरने होते. टॉप लिंकच्या जागी बसते ती हायड्रोलिक टॉप लिंक आणि उजव्या लिफ्ट रॉडच्या जागी बसते ती हायड्रोलिक साइड लिंक. अमेरिकेत लहान ट्रॅक्टरवर ब्लेड, बॉक्स स्क्रेपर चालवणाऱ्यांकडे ही जोडणी सर्रास दिसते. आपल्या शेतकऱ्यालाही तत्त्व नवीन नाही. दोन होज पाइप लावून पलटी होणारा हायड्रोलिक नांगर ज्याने चालवला आहे, त्याने असला सिलिंडर पाहिलेला आहे. ट्रॉलीचा जॅक मात्र वेगळा. तो फक्त उचलतो, खाली वजनाने येतो. इथे ढकलणे आणि ओढणे दोन्ही तेलाच्या दाबानेच व्हायला हवे.

खर्च करण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात : आपल्या कामाला याची गरज आहे का, आपल्या ट्रॅक्टरवर ते चालेल का, आणि सिलिंडरबरोबर लॉक व्हॉल्व मिळतो आहे का.

कोणता दांडा काय करतो

थ्री पॉइंट लिंकेजचे पेटंट हॅरी फर्ग्युसन यांना १९२६ मध्ये मिळाले आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरबरोबर ती रचना सर्वदूर गेली. खालचे दोन लोअर लिंक अवजार ओढतात आणि उचलतात. वरची टॉप लिंक अवजाराचा पुढे-मागे कल ठरवते. लोअर लिंकना वरून धरणारे दोन लिफ्ट रॉड असतात. त्यातला बहुधा उजवा कमी-जास्त करता येतो आणि त्यावर अवजाराचा डावा-उजवा कल ठरतो.

टॉप लिंक आखूड केली की अवजाराचा माथा ट्रॅक्टरकडे ओढला जातो, नाक खाली जाते आणि शेपटी वर येते. लांब केली की उलट. कल्टिव्हेटरचे मागचे फाळ खोल आणि पुढचे उथळ चालत असतील तर टॉप लिंक आखूड करावी, पुढचे खोल चालत असतील तर लांब करावी. नांगर जमिनीत शिरत नसेल तर थोडी आखूड केल्यावर तो नाक खुपसतो.

किती हलवले की किती फरक पडतो, हे एकदा आकड्यांत बघावे. कॅटेगरी १ च्या अवजारात खालच्या पिनपासून वरच्या पिनपर्यंतची उंची साधारण ४६ सेंटीमीटर असते. अवजार पुढून मागे ८० सेंटीमीटर लांब असेल, तर टॉप लिंक फक्त १ सेंटीमीटर हलली तरी त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांच्या उंचीत पावणेदोन सेंटीमीटरचा फरक पडतो. आडव्या कलाचेही तसेच. कॅटेगरी १ मध्ये दोन लोअर लिंकमधले अंतर साधारण ६८ सेंटीमीटर असते. उजवे टोक १० सेंटीमीटर उचलले, तर दीड मीटर रुंदीच्या ब्लेडच्या दोन टोकांत जवळजवळ २२ सेंटीमीटरचा फरक येतो. लिफ्ट रॉड लोअर लिंकच्या मध्यावर कुठेतरी जोडलेला असल्याने खुद्द रॉड सहा-सात सेंटीमीटरच हलवावा लागतो. थोड्या हालचालीत मोठा फरक पडत असल्याने या सिलिंडरना ताकदीपेक्षा सावकाश चालणे जास्त गरजेचे आहे.

गरज कुणाला आहे, कुणाला नाही

द्राक्षबागेत किंवा डाळिंबाच्या ओळींत वर्षभर एकच रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालत असेल, तर हायड्रोलिक टॉप लिंकवर पैसे घालू नयेत. रोटाव्हेटरसाठी टॉप लिंकची लांबी एकदा नीट बसवली की ती रोज बदलायची नसते. साध्या दांड्याचे आटे साफ करून ग्रीस लावले आणि लांबीची खूण करून ठेवली, तरी काम भागते.

टॉप लिंक फायद्याची ठरते ती चार प्रकारच्या लोकांना. ब्लेड, लेव्हलर किंवा बॉक्स स्क्रेपरने माती ओढणारे, भाड्याने सपाटीकरणाची कामे घेणारे, दिवसातून दोन-तीन अवजारे बदलणारे, आणि मागे फोर्क किंवा कॅरिअर लावून क्रेट, खताच्या गोणी वाहणारे. लिंकेज वर उचलताना अवजाराचा कल आपोआप बदलत जातो. सपाट उचललेले क्रेट वर जाईपर्यंत कलतात. टॉप लिंक चालती ठेवता आली तर कॅरिअर किंचित ट्रॅक्टरकडे कललेले राखता येते आणि द्राक्षांचे क्रेट सरकत नाहीत.

साइड लिंकची गरज त्याहून कमी जणांना असते. पाणी काढण्यासाठी चर ओढणे, शेतरस्त्याला मध्ये उंच आणि कडेला उतार देणे, बांधाची बाजू कापणे, शेततळ्याच्या भरावाचा उतार घासणे, उताराच्या जमिनीत आडवी सपाटी करणे ही तिची कामे. नांगरटीतही ती उपयोगी पडते. उजवीकडे माती टाकणाऱ्या साध्या नांगराच्या पहिल्या तासाला दोन्ही चाके न नांगरलेल्या जमिनीवर असतात. दुसऱ्या तासापासून उजवे चाक तासात उतरते आणि ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. तेव्हा नांगर सरळ ठेवायला उजवा रॉड आखूड करावा लागतो, आणि लिव्हर असेल तर ते चालता-चालता होते.

पैसे एकाच सिलिंडरपुरते असतील तर आधी टॉप लिंक घ्यावी. साइड लिंक नंतरही बसवता येते, मात्र पाइपांची आणि व्हॉल्वची तयारी आधीच दोन सिलिंडरच्या हिशेबाने करून ठेवावी.

आपल्या ट्रॅक्टरवर बसेल का

दुहेरी काम करणाऱ्या सिलिंडरला तेल आत जायला एक आणि बाहेर यायला एक, असे दोन पाइप लागतात. म्हणजे दोन सिलिंडरना दुहेरी काम करणाऱ्या दोन स्पूलचा डीसी व्हॉल्व (तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व) हवा. अनेक मिनी ट्रॅक्टरवर तो मुळात नसतो, किंवा ट्रॉलीच्या जॅकपुरता एकच मार्ग दिलेला असतो. दुहेरी काम करणारा एकच स्पूल असेल तर त्यापुढे निवड व्हॉल्व बसवून आळीपाळीने टॉप आणि साइड लिंक चालवता येते. एका वेळी एकच हलते, पण बहुतेक कामांना तेवढे पुरते.

व्हॉल्व नव्याने बसवायचा असेल तर तेलाचा रस्ता समजून घ्यावा. लहान ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअर पंप असतो आणि लिव्हर मध्यावर असताना तेल व्हॉल्वमधून वाहतच राहते. पंपाचे तेल आधी नव्या डीसी व्हॉल्वमध्ये येऊन तिथून पुढे ट्रॅक्टरच्या लिफ्टकडे जावे लागते. त्यासाठी व्हॉल्वला तेल दाबाखाली पुढे नेणारे वेगळे तोंड लागते. ते तोंड नसलेला स्वस्त व्हॉल्व घेऊन त्याच्या टाकीकडे जाणाऱ्या तोंडातूनच लिफ्टला तेल देणे हा धोकादायक प्रकार आहे. त्या तोंडाला पूर्ण दाब सोसण्याची ताकद नसते, सील उडतात किंवा व्हॉल्वची बॉडीच तडकते. खरेदीच्या वेळी 'पॉवर बियाँड' सोय आहे का, असे दुकानदाराला थेट विचारावे. तीन तोंडे, तीन पाइप : पंपाकडून, लिफ्टकडे आणि टाकीकडे.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हायड्रोलिकच्या लाइनमध्ये हात घालण्याआधी डीलरकडून लेखी उत्तर घ्यावे. कंपनीचाच डीसी व्हॉल्व मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच बसवावा.

सिलिंडरचे माप

मोठा सिलिंडर म्हणजे चांगला सिलिंडर, असे नाही. ५० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर. ट्रॅक्टरचा दाब १५० बार, म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटीमीटरला १५० किलो धरला तर ढकलण्याची ताकद तीन टनांच्या आसपास येते. रॉड २५ मिलिमीटरचा असेल तर ओढण्याची ताकद सुमारे २२०० किलो. आता भार बघू. २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची उचल क्षमता ७५० किलोच्या आसपास असते. दोन्ही बाजूंना सारखा भार धरला आणि रॉड लोअर लिंकच्या साठ टक्के लांबीवर जोडलेला असला, तर एका लिफ्ट रॉडवर ६२५ किलोचा ताण येतो. सगळे वजन एकाच बाजूला आले तरी १२५० किलो. म्हणजे ५० मिलिमीटरचा सिलिंडर मिनी ट्रॅक्टरला भरपूर आहे. त्याहून जाड घेतला तर तो टायरला घासण्याची शक्यता वाढते आणि हाती काही येत नाही.

लांबीचे माप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरून घेऊ नये. आपल्या ट्रॅक्टरवर आपली अवजारे एकेक करून जोडावीत, सपाट फरशीवर सरळ करावीत आणि पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजावे. प्रत्येक अवजाराची सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब गरज वहीत लिहावी. टॉप लिंकचा सिलिंडर पूर्ण मिटल्यावर सर्वांत आखूड मापापेक्षा थोडा लहान आणि पूर्ण उघडल्यावर सर्वांत लांब मापापेक्षा थोडा मोठा असावा. साइड लिंकचे गणित वेगळे. अवजार समतल असताना सिलिंडर साधारण अर्धा उघडा असायला हवा, नाहीतर एकाच बाजूला कल मिळतो आणि दुसऱ्या बाजूला हालचालच उरत नाही. पंधरा ते वीस सेंटीमीटरचा स्ट्रोक दोन्हींना बहुधा पुरतो.

पिनचे माप पाहूनच दोन्ही टोकांचे बॉल घ्यावेत. कॅटेगरी १ मध्ये टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटरची आणि लोअर लिंकची २२ मिलिमीटरची असते. लिफ्ट रॉडच्या पिनची मापे कंपनीगणिक बदलतात, ती कॅलिपरने मोजावीत. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम चालवले तर ती खडखडत राहते आणि भोक लंबगोल होत जाते.

लॉक व्हॉल्व नसेल तर घेऊ नका

डीसी व्हॉल्वचा स्पूल कितीही चांगला असला तरी तेल थोडे झिरपतेच. ट्रॉलीच्या जॅकला त्याने फरक पडत नाही, कारण ट्रॉली दोन मिनिटांत रिकामी होते. टॉप लिंकवर मात्र दिवसभर भार असतो. ती तासाभरात दोन सेंटीमीटर सरकली तर ब्लेडची अख्खी बैठक बदलते आणि चालकाला कळतही नाही. साइड लिंक झिरपली तर अवजार एका बाजूला लोंबायला लागते.

उपाय एकच, सिलिंडरच्या अंगावरच बसवलेला दुहेरी पायलट चेक व्हॉल्व. कारागीर त्याला लॉक व्हॉल्व म्हणतात. लिव्हर हलवून दाब दिला तरच तो उघडतो, एरवी दोन्ही बाजूंचे तेल सिलिंडरमध्ये कोंडून ठेवतो. होज फुटला तरी अवजार जागेवरच राहते, हा त्याचा दुसरा मोठा फायदा. म्हणून तो सिलिंडरवरच हवा, पाइपाच्या मागच्या टोकाला डीसी व्हॉल्वजवळ बसवला तर होज फुटल्यावर काही उपयोग होत नाही.

इथे एक बारकावा आहे. काही स्पूल मध्यावर आल्यावर दोन्ही तोंडे बंद करतात. मग पाइपात अडकलेला दाब लॉक व्हॉल्वला किंचित उघडा ठेवतो आणि लॉक असूनही सिलिंडर सरकतो. मध्यावर दोन्ही तोंडे टाकीकडे मोकळी सोडणारा स्पूल, बाजारात ज्याला मोटर स्पूल म्हणतात, तो लॉक व्हॉल्वबरोबर उत्तम चालतो. लॉक व्हॉल्व असलेल्या सिलिंडरला लिव्हरच्या फ्लोट खाचेने सैल सोडता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. ब्लेडने जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप हलावे असे वाटत असेल, तर त्यासाठी लिफ्ट रॉडच्या खालच्या टोकाला लांबट भोकाची सोय हवी.

वेग कमी करा

पंपाचा प्रवाह मिनिटाला २० लिटर धरा. ५० मिलिमीटर बोअर आणि २० सेंटीमीटर स्ट्रोकच्या सिलिंडरला पूर्ण उघडायला सुमारे ३९० मिलिलिटर तेल लागते. म्हणजे तो सव्वा सेकंदात उघडतो आणि त्याहून लवकर मिटतो. एवढ्या वेगात एक-दोन सेंटीमीटरची बारीक दुरुस्ती कुणालाच जमणार नाही, लिव्हरला हात लागला की अवजार दणकन हलेल. त्यासाठी पाव इंची होज वापरावा आणि सिलिंडरच्या तोंडाशी दीडेक मिलिमीटर भोकाचा अडथळा, म्हणजे रिस्ट्रिक्टर, बसवून घ्यावा. पूर्ण उघडायला पाच-सहा सेकंद लागले तर वेग बरोबर आहे असे समजावे.

बसवताना

टॉप लिंकचा जाड भाग ट्रॅक्टरकडे आणि चकचकीत रॉड अवजाराकडे ठेवावा. त्यामुळे होजची हालचाल कमी होते. पाइपांची तोंडे वरच्या बाजूला असावीत. होजला इतकी ढील ठेवावी की लिंकेज पूर्ण खाली, पूर्ण वर, सिलिंडर पूर्ण उघडा अशा कुठल्याही स्थितीत तो ताणला जाणार नाही, पण इतकीही नको की तो लोंबून पीटीओ शाफ्टला लागेल. ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यात होज अडकला तर सावरायला वेळच मिळत नाही.

एका सिलिंडरच्या दोन पाइपांना एका रंगाची टेप आणि दुसऱ्याच्या दोघांना दुसऱ्या रंगाची गुंडाळावी. लिव्हर पुढे ढकलली की लिंक लांब, मागे ओढली की आखूड, असा एकच नियम दोन्ही लिव्हरना ठेवावा. वेगवेगळ्या आट्यांचे नट एकमेकांत कसू नयेत. होजच्या दुकानात जुना नट नेऊन आटे जुळवून आणावेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर अवजार न जोडता दोन्ही सिलिंडर पाच-सहा वेळा पूर्ण उघडून-मिटून हवा काढावी. मग सगळे सिलिंडर मिटलेले असताना ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी डिपस्टिकवर बघावी आणि कमी भरली तर कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे. मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचे तेल बहुधा एकच असते, त्यामुळे होजमधून आलेला कचरा थेट गिअरपर्यंत पोहोचतो. नवे होज बसवण्याआधी आतून हवेने साफ करून घ्यावेत.

आता खरी परीक्षा. रिकाम्या जागेत अवजार उचलून साइड लिंक दोन्ही टोकांना हळूहळू न्यावी आणि लोअर लिंकच्या साखळ्यांकडे बघावे. एक बाजू वर गेली की त्या बाजूची साखळी ताणली जाते. ती कडक झाल्यावरही सिलिंडर ओढत राहिला तर साखळी तुटते किंवा तिचा ब्रॅकेट वाकतो. साखळी घट्ट होण्याच्या थोडे आधी थांबणे, हीच आपली मर्यादा. सिलिंडर टायरला, मडगार्डला लागतो का, पीटीओ शाफ्टचे आतले-बाहेरचे भाग एकमेकांत पुरेसे राहतात का, हेही तेव्हाच बघावे. शेवटी सर्वांत जड अवजार उचलून इंजिन बंद करावे, दोन्ही पिनमधले अंतर टेपने मोजावे आणि तासाभराने पुन्हा मोजावे. अंतर बदलले नसेल तर लॉक व्हॉल्व काम करतो आहे.

लांबी कळावी म्हणून खूण

साध्या दांड्याला आटे मोजता येतात, सिलिंडरला ती सोय नाही. सीटवरून पाहताना सिलिंडर किती उघडला आहे याचा अंदाज फसवा असतो. यासाठी रॉडच्या टोकाच्या कानाला एक बारीक सळई जोडावी, ती सिलिंडरच्या नळीवर क्लॅम्प केलेल्या कडीतून सरकेल अशी ठेवावी आणि सळईवर ऑइलपेंटने पट्टे ओढावेत. पांढरा पट्टा कडीशी आला की रोटाव्हेटरची लांबी, लाल आला की ब्लेडने माती कापायची, पिवळा आला की माती पसरवायची. साइड लिंकला एकच पट्टा पुरतो, समतलाचा. खुणा सळईवरच कराव्यात. पिस्टन रॉडवर करवतीने किंवा पोगराने ओरखडा काढला तर प्रत्येक हालचालीला तो सील कापत जातो.

कामात वापर

माती ओढताना आधी टॉप लिंक आखूड करून ब्लेडचे नाक किंवा स्क्रेपरचे दात जमिनीत घालावेत. पेटी भरत आली की लिंक हळूहळू लांब करावी, कापणे थांबते आणि माती पुढे वाहून नेता येते. खोलगट जागेवर आल्यावर लिंक आणखी लांब करून मागच्या कडेने माती पसरवावी. उचलायच्या लिव्हरला शक्यतो हात लावू नये, कारण लिफ्ट वर-खाली करत चालल्यानेच शेतात लाटा उठतात. कमी जाडीचे जास्त फेरे मारावेत. मिनी ट्रॅक्टर वजनाने हलका असतो, एकदम खोल घातले तर मागची चाके जागेवर फिरतात आणि नवा खड्डा पडतो.

चर काढताना ब्लेडचा एक कोपरा खाली घेऊन पहिला फेरा उथळ मारावा, मग दर फेऱ्याला कल वाढवावा. शेतरस्त्याला उतार देताना जाताना एका कडेने आणि येताना दुसऱ्या कडेने, पण ब्लेडची मधली बाजू दोन्ही वेळा वर राहील असा कल द्यावा.

कल्टिव्हेटर किंवा पेरणीयंत्र घेऊन बांध ओलांडताना टॉप लिंक पूर्ण आखूड केली की अवजाराची शेपटी आणखी वर येते आणि मागचे फाळ बांधात रुतत नाहीत. पलीकडे गेल्यावर पुन्हा पट्ट्यावर आणावी. अवजार जोडतानाही फायदा होतो : दोन्ही खालच्या पिन बसल्यावर टॉप लिंकचे भोक मास्टच्या भोकासमोर लिव्हरने आणता येते, हातोडा लागत नाही. फक्त त्या वेळी लिव्हर हलवणारा आणि पिन घालणारा एकच माणूस असू नये आणि सिलिंडर हलत असताना भोकात बोट घालू नये.

रोटाव्हेटर चालू असताना टॉप लिंकशी खेळू नये. लांबी बदलली की पीटीओ शाफ्टच्या दोन्ही जॉइंटचे कोन बदलतात आणि एकाचा कोन दुसऱ्यापेक्षा वेगळा झाला की शाफ्ट धडधडायला लागतो. समतल बैठक पांढऱ्या पट्ट्यावर ठरवून ठेवावी, कामात तीच ठेवावी. ज्या ट्रॅक्टरवर ड्राफ्टचा इशारा टॉप लिंकच्या ब्रॅकेटमधून मिळतो, तिथे लॉक नीट असलेला सिलिंडर साध्या दांड्यासारखाच काम करतो. लॉक झिरपत असेल तर एडीडीसीचा, म्हणजे खोली आणि ओढ आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचा, अंदाजही बिघडतो.

सुरक्षिततेच्या पाच गोष्टी

१. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला साखळी बांधून झाडाचे खोड, रुतलेली ट्रॉली असे काहीही ओढू नये. ओढ मागच्या आसापेक्षा वरून बसली की ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो मागे उलटतो. ओढायचे ते खालच्या ड्रॉबारलाच.

२. साइड लिंकने अवजार समतल होते, ट्रॅक्टर होत नाही. उतारावर ब्लेड सरळ दिसते म्हणून ट्रॅक्टर सुरक्षित आहे असे समजू नये. आडव्या उतारावर अवजार जमिनीलगत ठेवावे, रोप्स, म्हणजे ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट, असेल तर ती उभी ठेवून सीटबेल्ट लावावा.

३. होजमधून बारीक तुषार उडत असेल तर बोट लावून बघू नये. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आत मात्र ऊतींची हानी होत राहते. गळती पुठ्ठा धरून शोधावी आणि तेल अंगात शिरले असे वाटले तर दुखायची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

४. इंजिन बंद केले, लिव्हर दोन-चार वेळा हलवली, म्हणजे दाब गेला असे होत नाही. लॉक व्हॉल्वच्या पलीकडे सिलिंडरमध्ये तेल कोंडलेले असते. होज किंवा व्हॉल्व खोलण्याआधी अवजार जमिनीवर पूर्ण टेकवून सिलिंडरवरचा भार काढावा आणि नट अगदी सावकाश सैल करावा.

५. उचललेल्या अवजाराखाली जाण्याआधी ठोकळे लावावेत. लॉक व्हॉल्व असला तरी लावावेत, कारण तो टॉप आणि साइड लिंक धरतो, मुख्य लिफ्ट नव्हे.

देखभाल

काम संपल्यावर दोन्ही सिलिंडर शक्य तितके मिटवून ठेवावेत. उघडा रॉड धूळ, गंज आणि फवारणीतली रसायने झेलतो आणि सील त्याच रॉडवर घासते. कप्लर सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या टोप्या लगेच लावाव्यात. मातीची एक कणी लॉक व्हॉल्वच्या बैठकीत अडकली तरी तो झिरपू लागतो. टोकांच्या बॉलना ग्रीस, पिनांना लिंच पिन आणि महिन्यातून एकदा होजच्या घासणाऱ्या जागा, एवढे बघितले तर खर्च सीलच्या किटपुरताच राहतो.

कोटेशन घेताना 'सगळे मिळून' असा एक आकडा मान्य करू नये. सिलिंडरचा बोअर, रॉड, मिटलेली आणि उघडलेली लांबी, बॉलची मापे, लॉक व्हॉल्व, रिस्ट्रिक्टर, होज, कप्लर आणि डीसी व्हॉल्व अशा वेगवेगळ्या ओळी लिहून घ्याव्यात. सील जवळच्या शहरात मिळणारे आहे का हे विचारावे. दोन दुकानांतला फरक बहुधा लॉक व्हॉल्वच्या ओळीत सापडतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ गायब असते.

थोडक्यात, माती ओढण्याचे किंवा उताराचे काम वर्षातून पंधरा-वीस दिवस तरी असेल, तर हायड्रोलिक टॉप लिंक घ्यावी. बांध, चर, रस्ते यांची कामे घेत असाल तर साइड लिंकही घ्यावी. नुसता रोटाव्हेटर चालवत असाल तर जुन्या टॉप लिंकचे आटे साफ करून ग्रीस लावा आणि तिची लांबी उद्याच एकदा तपासा.